गुडघ्यावरच्या लाथेला रिंगणात जागा असावी का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या क्लासला जातो. त्याच्याबरोबर यूएफसी या त्याच खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेतल्या जुन्या लढती पाहताना एक खेळाडू समोरच्याच्या गुडघ्यावर तळपायाने सरळ लाथा घालताना दिसला आणि पंचांनी त्याला एकदाही हटकले नाही. मुलगा म्हणाला, हे नियमात बसते. बोट पिरगाळले तर फाउल आणि गुडघा मोडला तर चालते, हे मला पटत नाही. अशा लाथांवर बंदी असावी का, याबद्दल आपले स्पष्ट मत कळवावे.
— एक पालक, नाशिक

उत्तर : बंदी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र ती पायावरच्या सगळ्याच लाथांवर नसावी. उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याच्या सांध्यावर समोरून किंवा बाजूने तळपायाने दिलेली लाथ फाउल ठरवावी आणि मांडीवर व पोटरीवर नडगीने मारल्या जाणाऱ्या लाथा खेळात राहू द्याव्यात, इतकीच माझी मागणी आहे.

तुम्ही पाहिलेल्या लाथेला ऑब्लिक किक म्हणतात. मारणारा आपला गुडघा वर घेतो, पाऊल बाहेरच्या अंगाला वळवतो आणि तळव्याने किंवा टाचेने समोरच्याच्या पुढच्या पायावर, वाटीच्या जरा वर, तिरका खाली रेटा देतो. दिसायला ही लाथ फारशी भयंकर नसते, तिचा आवाजही होत नाही. पण गुडघ्याची रचना लक्षात घेतली की तिचा धोका कळतो. गुडघा मागच्या बाजूला सुमारे १३५ ते १४० अंशांपर्यंत वाकतो; पाय सरळ झाला की पुढच्या दिशेची त्याची हालचाल जवळजवळ संपते आणि बाजूला तर तो फारसा वाकतच नाही. या नको त्या दिशांना त्याला आवरून धरण्याचे काम प्रामुख्याने चार लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे चिवट बंध, करतात. पाऊल जमिनीत रोवलेले, त्यावर अंगाचा भार आणि गुडघा जवळजवळ ताठ, अशा क्षणी ही लाथ बसली तर पाऊल सरकून ताण मोकळा होत नाही आणि सगळा जोर लिगामेंटवर येतो. त्यांपैकी सांध्याच्या आतले एसीएल नावाचे लिगामेंट पूर्ण तुटले तर ते सहसा आपोआप जुळून येत नाही. पुन्हा लढायचे असेल तर मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन नवे लिगामेंट बसवावे लागते आणि लढतीत परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जाते. सोबत मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या हाडांमधली, गादी फाटली असेल तर पुढे त्या गुडघ्यात संधिवात लवकर सुरू होण्याचा धोका उरतोच.

हे सप्टेंबर २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिले. खलील राउंट्री आणि मोडेस्टास बुकाउस्कास यांच्या यूएफसीतल्या लढतीच्या दुसऱ्या फेरीत राउंट्रीची लाथ बुकाउस्कासच्या पुढच्या गुडघ्यावर बसली, गुडघा जिकडे वळायला नको तिकडे वळला आणि तो कोसळला. लढत तिथेच संपली. बुकाउस्कासवर शस्त्रक्रिया झाली आणि यूएफसीत तो पुन्हा उतरला तो २०२३ मध्ये. राउंट्रीने कोणताही नियम मोडला नव्हता, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न नियमाचा आहे. त्याआधी जुलै २०१७ मध्ये योएल रोमेरोने रॉबर्ट व्हिटेकरच्या पुढच्या गुडघ्यावर पहिल्याच फेरीत अशाच लाथा मारल्या होत्या. व्हिटेकर दुखावलेल्या पायावर पाचही फेऱ्या लढला आणि गुणांवर जिंकला. त्याच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण तो जिंकला म्हणून लाथ निर्धोक ठरत नाही.

या लाथेला खरी प्रसिद्धी यूएफसीचा विजेता जॉन जोन्स याने मिळवून दिली. सप्टेंबर २०११ मध्ये त्याच्याकडून हरलेल्या क्विंटन ‘रॅम्पेज’ जॅक्सनने गुडघ्यावरच्या या लाथांबद्दल नंतर उघड नाराजी व्यक्त केली. याच जोन्सच्या कारकिर्दीत तुमच्या शंकेला दुजोरा देणारी एक गोष्ट आहे. त्याच्या नावावरचा एकमेव पराभव डिसेंबर २००९ मधला, मॅट हॅमिलविरुद्धचा. तोही जोन्सला बाद ठरवल्यामुळे. कारण काय, तर कोपर वरून सरळ खाली मारणे तेव्हा फाउल होते. न्यू जर्सीच्या क्रीडा नियामक मंडळाच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास जे सामाईक नियम तयार झाले, त्यांत कोपराची ती दिशा निषिद्ध होती, हातापायाची बोटे पिरगाळणे निषिद्ध होते, पण गुडघ्यावरच्या लाथेचा उल्लेखही नव्हता. कोपराची बंदी २०२४ मध्ये उठली. म्हणजे नियम बदलता येतात आणि ते बदलले जातातही. गुडघ्याकडे मात्र अजून कोणी गांभीर्याने पाहिलेले नाही.

आता माझ्या मताचे कारण. लढतीच्या खेळात इजा होणारच, ती मान्य करूनच माणूस रिंगणात उतरतो. म्हणून एखादा डाव किती दुखतो, ही कसोटी मला पुरेशी वाटत नाही. मी पाहतो ते असे की, डाव लागल्यानंतर आणि अवयव निकामी होण्यापूर्वी हरणाऱ्याला ‘पुरे’ म्हणायला किंवा पंचाला मध्ये पडायला काही अवकाश आहे का? कोपर उलट दिशेला ताणण्याच्या आर्मबारमध्ये तो अवकाश आहे, गळा आवळण्यातही आहे. टाच धरून पाय पिरगाळण्याच्या हील हुकमध्ये तो फार थोडा आहे. म्हणूनच ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आयबीजेजेएफ या प्रमुख संघटनेने हा डाव २०२१ मध्ये खुला केला तो फक्त प्रौढ गटातल्या तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या खेळाडूंना, आणि तोही गणवेशाविना होणाऱ्या लढतींत. मांडीवरची लाथ पायाला हळूहळू निकामी करते. दोन-चार बसल्या की खेळाडू लंगडू लागतो, त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांना आणि पंचाला ते दिसते आणि लढत थांबवता येते. गुडघ्यावरची सरळ लाथ मात्र बसायची तेव्हा एकदाच बसते. तिथे हार मानायला वेळच मिळत नाही.

दुसऱ्या खेळांनी हे ओळखले आहे. ज्युदोमध्ये कानी बासामी नावाचा डाव होता : बाजूने उडी घेऊन दोन्ही पायांची कात्री प्रतिस्पर्ध्याच्या पायांना घालायची आणि त्याला मागे पाडायचे. १९८० मध्ये जपानमधल्या एका लढतीत सुमिओ एंडोने हा डाव टाकला आणि यासुहिरो यामाशिताच्या पायाचे हाड मोडले. एंडो जागतिक विजेता, यामाशिता तर त्या पिढीतला सर्वांत मोठा ज्युदोपटू. कोणाच्याही कौशल्यात कसूर नव्हती आणि तरीही हाड मोडले. पुढे हा डाव स्पर्धांतून काढून टाकण्यात आला आणि त्याने ज्युदोचे काही बिघडले नाही. यामाशिता बरा होऊन १९८४ चे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकला. क्योकुशिन कराटेचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. त्या स्पर्धांत हातमोजे न घालता छातीपोटावर पूर्ण ताकदीने ठोसे मारतात, मांड्या काळ्यानिळ्या होईपर्यंत लाथा मारतात, आणि त्या खेळाला नाजूक म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. गुडघ्याच्या सांध्यावर मारायची लाथ त्यांच्या शिक्षणात आहे, स्पर्धेत नाही. मला हीच विभागणी योग्य वाटते.

प्रश्न : ज्या खेळात डोक्यावर बुक्क्या आणि लाथा चालतात, तिथे गुडघ्याची एवढी काळजी का? मेंदूपेक्षा गुडघा मोठा झाला का? शिवाय ही लाथ चुकवता येते. ज्याला चुकवता येत नाही त्याने शिकावे. आम्ही तालमीतली माणसे. डाव अवघड आहे म्हणून तो बंद करा, असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा पहिला मुद्दा वजनदार आहे आणि बंदीच्या विरोधातला सर्वांत चांगला मुद्दा तोच आहे. मेंदूला वर्षानुवर्षे बसणारे धक्के गुडघ्याच्या दुखापतीपेक्षा कितीतरी गंभीर असतात, यात वाद नाही. पण डोक्याच्या बाबतीत त्या धोक्याभोवती काही व्यवस्था तरी उभी राहिली आहे. डोक्याच्या मागच्या भागावर मारणे फाउल आहे. खेळाडू स्वतःचा बचाव करत नाहीसा झाला की पंच लढत थांबवतो. नॉकआउट झालेल्याला ठरावीक काळ लढायची परवानगी मिळत नाही. ही व्यवस्था अपुरी आहे, असे मीही म्हणेन. गुडघ्याभोवती मात्र काहीच नाही. मोठा धोका आपण पत्करला आहे म्हणून लहान धोक्याकडे डोळेझाक करावी, हे तर्कात बसत नाही.

चुकवण्याबद्दल म्हणाल तर खरेच आहे. पाय वेळेवर उचलला, अंतर तोडले किंवा बाजूला सरकले की ही लाथ वाया जाते. ती मारण्यातही कौशल्य आहे. उंच, लांब पायांचा खेळाडू तिने समोरच्याला जवळ येऊच देत नाही. सावात या फ्रान्सच्या लाथा-ठोशांच्या खेळात तर बूट घालून पायांवर खालच्या लाथा मारणे हा खेळाचा जुना आणि मानाचा भाग आहे, त्यामुळे या लाथेला भ्याडपणा म्हणणे मला मान्य नाही. पण प्रत्येक बचाव कधी ना कधी चुकतोच. मांडीवरच्या लाथेचा बचाव चुकला तर आठवडाभर लंगडावे लागते. इथे चुकला तर वर्ष जाते, क्वचित कारकीर्दही जाते.

आणि तालमीचे म्हणाल, तर कुस्तीइतका विचार या बाबतीत थोड्याच खेळांनी केला असेल. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रतिस्पर्ध्याचा हात नव्वद अंशांहून अधिक पिरगाळायला मनाई आहे, पकड धोक्याची दिसली की पंच ती सोडायला लावतो, आणि एवढे असूनही कुस्तीत डावांची वाण नाही.

‘लाथ मांडीवर मारली होती, घसरून गुडघ्यावर गेली’ असे कोणी म्हटले तर पंचाने काय करावे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बंदीला विरोध करणारे प्रशिक्षक तो नेहमी विचारतात. याची सोय नियमांत आजही आहे. जांघेत चुकून लाथ बसली तर मार बसलेल्याला सावरायला पाच मिनिटांपर्यंत वेळ मिळतो, मारणाऱ्याला समज दिली जाते, पुन्हा तसेच झाले तर गुण कापला जातो. पंचांना हे काम वर्षानुवर्षे जमत आले आहे. गुडघ्याच्या बाबतीतही जमेल.

प्रश्न : मी किकबॉक्सिंग करते. सरावात पोटरीच्या बाहेरच्या बाजूला लाथ बसली आणि थोडा वेळ पाऊल बधिर झाले. ही लाथही बंद करावी का? यूएफसीतल्या अँडरसन सिल्व्हाचा पाय मोडला तोही लो किकमुळेच, म्हणजे पायावर मारलेल्या लाथेमुळेच ना?
— एक खेळाडू, पुणे

उत्तर : सिल्व्हाचे उदाहरण वेगळे आहे. डिसेंबर २०१३ मध्ये लाथ त्याने मारली होती. प्रतिस्पर्धी क्रिस वाइडमनने गुडघा उचलून ती अडवली आणि मोडली ती मारणाऱ्याची नडगी. एप्रिल २०२१ मध्ये खुद्द वाइडमनचा पाय उरायाह हॉलविरुद्ध तसाच मोडला. हा मारणाऱ्याने स्वतः पत्करलेला धोका आहे आणि नियम बदलून तो टळणार नाही.

पोटरीवरची लाथ बंद करावी असे मला वाटत नाही, कारण ती स्नायूवर बसते आणि तिचा परिणाम सगळ्यांना दिसतो. पण तुम्हाला आलेली बधिरता दुर्लक्ष करण्यासारखी नाही. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते. पाऊल वर उचलण्याचे काम तिच्यावर अवलंबून आहे. तिला मार बसला की पाऊल लोंबते, चालताना बोटे जमिनीला घासतात. सरावात नडगीला जाड पॅड बांधा आणि जोडीदाराला अर्ध्या जोराने मारायला सांगा. बधिर झाल्यावर टाच टेकवून पाऊल वर उचलून पाहा. उचलले जात नसेल किंवा दुसऱ्या पायापेक्षा कमी उचलले जात असेल, तर सराव तिथेच थांबवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.