भांडण खरं, रडणं खोटं : रिअ‍ॅलिटी शोवरील शोधनिबंधाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शोधप्रकल्पासाठी मी ‘रिअ‍ॅलिटी टीव्हीचा ग्रामीण समाजावर होणारा परिणाम’ हा विषय घेतला असून शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेण्याचे ठरवले आहे. मार्गदर्शक म्हणतात, विषय फार पसरट आहे. घरचे म्हणतात, टीव्ही पाहणे हा काय अभ्यास झाला? गावात ग्रंथालय नाही आणि हातात चार महिने आहेत. काय करावे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : घरच्यांच्या शंकेचे उत्तर निबंधच देईल, म्हणून ती तूर्त बाजूला ठेवू. मार्गदर्शकांचे म्हणणे मात्र बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे तुमच्या शीर्षकातला एकेक शब्द उचलून पाहिला की ध्यानात येते. ‘परिणाम’ दाखवायचा, तर हे कार्यक्रम येण्यापूर्वी गाव कसे होते याची नोंद हवी आणि जिथे ते पोहोचलेच नाहीत असे त्याच वळणाचे दुसरे गाव तुलनेला हवे. या दोन्ही गोष्टी तुमच्यापाशी नाहीत आणि चार महिन्यांत कोणापाशीही येणार नाहीत. ‘ग्रामीण समाज’ म्हटल्यावर त्यात वीस एकर ओलिताचा धनीही आला आणि त्याच्याच वावरात कापूस वेचायला जाणारी बाईही आली. दोघांच्या घरी एकच वाहिनी लागत असली तरी दोघांचे पाहणे एक नसते. राहिला ‘रिअ‍ॅलिटी टीव्ही’ हा शब्द. तो तर पोत्यासारखा आहे. त्यात काहीही भरता येते.

हे पोते आधी उघडून पाहा. ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या प्रश्नमंजूषेवरून २००० साली आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ आले. ब्रिटनच्याच गायनस्पर्धेवरून २००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आले आणि पहिल्याच पर्वात एक मराठी मुलगा, अभिजीत सावंत, विजेता ठरल्यामुळे एसएमएसने मत देणे ही काय चीज आहे हे आपल्या खेड्यांनाही कळले. त्याच वर्षी झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाले, ज्यात कॅमेरा थेट घरात येऊन वहिनींच्या हाती पैठणी ठेवू लागला. नेदरलँड्समध्ये १९९९ साली जन्मलेल्या ‘बिग ब्रदर’चा हिंदी अवतार २००६ मध्ये आणि मराठी अवतार २०१८ मध्ये आला. या सर्वांना आपण एकाच नावाने ओळखत असलो तरी प्रेक्षकाशी त्यांनी केलेला करार वेगवेगळा आहे. प्रश्नमंजूषेत उत्तर बरोबर असते किंवा चूक असते, तिथे संशयाला फारशी जागा नाही. गाण्याच्या स्पर्धेत सूर खरा असतो, पण गायकाच्या घरच्या गरिबीची जी चित्रफीत गाण्याआधी दाखवली जाते ती कोणीतरी निवडून, कापून, मागे संगीत घालून तयार केलेली असते. आणि ‘बिग बॉस’सारख्या कार्यक्रमात चोवीस तासांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग काढला जातो, म्हणजे आपण जे पाहतो त्याहून जे गाळले गेले ते कितीतरी अधिक असते. यांपैकी एकच प्रकार निवडा, शक्य तर एकच कार्यक्रम, आणि त्याचेही एकच पर्व.

आता प्रश्न कोणता घ्यावा, याविषयी माझे मत थोडे आग्रहाने मांडतो. २०१९ हे वर्ष वऱ्हाडाच्या दृष्टीने मजेदार होते. त्या वर्षी अमरावतीचा शिव ठाकरे ‘बिग बॉस मराठी’चे दुसरे पर्व जिंकला, आणि त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्याच अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या एका महिलेने ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एक कोटी रुपये जिंकले. त्या दिवसांत दोघांविषयीही ‘आपल्या जिल्ह्याचा’, ‘आपल्या जिल्ह्याची’ असे अभिमानाने बोलले जाई. हा ‘आपला’ नेमका कशाने ठरतो? बोलीने, जातीने, गरिबीने, कामाने, की नुसत्या एसटीच्या मार्गाने? दारव्ह्याच्या माणसाला अमरावतीचा मुलगा जितका आपला वाटतो, तितका पुण्याचा का वाटत नाही, आणि वाटत असेल तर केव्हा? हा एवढासा प्रश्न चार महिन्यांत पुरा होतो, आणि तो विचारायला मुंबईच्या अभ्यासकाला तुमच्या गावात यावे लागेल. तुम्ही तिथेच आहात.

याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, तो खरे-खोटेपणाचा. काही वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत मी एका नातेवाइकांकडे मुक्कामी होतो. संध्याकाळी ओसरीवर चार-पाच बाया जमल्या होत्या, आत टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमात दोन स्पर्धक कडाकडा भांडत होते आणि थोड्या वेळाने त्यांतली एक रडू लागली. तेव्हा लुगड्याला चिकटलेला कापूस एका हाताने वेचत बसलेली एक म्हातारी म्हणाली, “भांडन खरं हाय, रडनं खोटं हाय. भांडताना मानसाले क्यामेऱ्याचं ध्यान रायत नाई, रडताना रायते.” अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात माणसाच्या रोजच्या वागण्याची फोड रंगमंचावरचे वागणे आणि पडद्यामागचे वागणे अशी केली, या म्हातारीने त्याहून एक पाऊल पुढे जाऊन, रंगमंचावर उभे असतानाच माणूस कोणत्या क्षणी तो विसरतो, हे सांगितले. शोधनिबंधात अशी वाक्ये आधी आणि गॉफमन नंतर यावा. विद्यार्थी बहुधा उलटे करतात : आधी सिद्धान्ताची चार पाने उतरवतात आणि मग त्या साच्यात बसतील तेवढीच माणसे शोधतात. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली प्रेक्षक एखादा संदेश तीन प्रकारे वाचतो असे मांडले : जसा दिला तसा स्वीकारून, काही घेऊन काही सोडून, किंवा पूर्ण विरोधात जाऊन. ही मांडणी तुमच्या उपयोगी पडेल, परंतु वरची म्हातारी या तिहींपैकी कोणत्या खणात बसते हे सांगताना तुम्हाला अडखळायला होईल, आणि त्या अडखळण्याविषयीच लिहा. निबंधाचा जीव तिथे आहे.

शंभर प्रश्नावल्यांचा बेत सोडून द्यावा, असे माझे मत आहे. ‘तुम्हाला रिअ‍ॅलिटी शो आवडतात का? होय / नाही / कधी कधी’ अशा कागदांवर लोक तुम्हाला बरे वाटेल ते उत्तर देतात, आणि निम्मे कागद अखेरीस धाकट्या भावाने भरलेले असतात. त्याऐवजी बारा-पंधरा प्रेक्षक निवडा आणि त्यांच्यासोबत बसून पाहा. वहीत तारीख, वेळ, कोण कुठे बसले, रिमोट कोणाच्या हातात, कोणत्या क्षणी कोण काय बोलले, वीज केव्हा गेली, हे लिहून ठेवा. रब्बीत शेतीपंपांच्या विजेला रात्रीची पाळी असली की घरातला पुरुष हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जातो, आणि नऊ वाजता टीव्हीपुढे उरतात बाया, पोरे आणि म्हातारी माणसे. मोटारीची पाळी दिवसाला आली की हाच प्रेक्षकवर्ग बदलतो. ही गोष्ट टीआरपीच्या तक्त्यातून कळत नाही. टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५ पासून आकडे द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी त्यांत ग्रामीण घरांचाही समावेश केला. तरी ते निवडक घरांतील मीटरवरून काढलेले मोठ्या प्रदेशाचे अंदाज असतात, तुमच्या तालुक्याविषयी ते काहीच बोलत नाहीत. पार्श्वभूमी म्हणून एकदा उल्लेख करा आणि पुढे जा.

कोण कशावर पाहतो, हेही विचारायला विसरू नका. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या मोफत छत्रीसेवेवर महिन्याचा रिचार्ज लागत नाही, पण तिथे कोणत्या खासगी वाहिन्या दिसतील हे जागांच्या लिलावावर ठरते. त्यामुळे एखादा कार्यक्रम तुमच्या शेजारणीने कधीच पूर्ण पाहिलेला नसतो आणि तरीही तिला त्यातले प्रत्येक भांडण ठाऊक असते, कारण मुलाच्या मोबाइलवर त्याचे तुकडे येत राहतात. तुकड्यांतून पाहिलेल्या कार्यक्रमाला ‘पाहिला’ म्हणावे का, हा प्रश्न मला तरी फार मोलाचा वाटतो.

वाचनाची अडचण वाटते तितकी मोठी नाही. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध विनामूल्य मिळतात आणि प्रकरणे सुटी उतरवून घेता येतात. तुमचे महाविद्यालय एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना नियतकालिके व पुस्तके ऑनलाइन पुरवणाऱ्या योजनेचे, सदस्य असेल, तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. इंग्रजी नियतकालिके घरबसल्या वाचता येतील. दहा लेख नीट वाचा, चाळीसांची नावे देऊ नका. आणि लिहायला बसाल तेव्हा ‘आजच्या माहिती तंत्रज्ञानाच्या युगात’ या शब्दांनी सुरुवात करू नका. परीक्षक म्हणून मी हे वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की, ते दिसताच हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. तुमच्या वहीतल्या एखाद्या संध्याकाळपासून सुरुवात करा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा.

प्रश्न : मी अशाच विषयावर गावातील महिलांच्या मुलाखती घेत आहे. त्या वऱ्हाडीत बोलतात. त्यांचे बोलणे प्रमाण मराठीत करून लिहावे का? नावे बदलली की पुरेसे होते का? एका काकूंनी सांगितले की, ऑडिशन मिळवून देतो म्हणून कोणीतरी त्यांच्या मुलाकडून पैसे घेतले. ते निबंधात घालू का? – एक संशोधक विद्यार्थी, वाशीम जिल्हा

उत्तर : बोलणे बदलू नका. ‘मले त तो आपल्या घरचाच पोट्टा वाटते’ या वाक्याचे ‘मला तो कुटुंबातील सदस्यासारखा वाटतो’ असे केले, की शब्दार्थ उरतो आणि नाते जाते. तुमचा विषयच जर ते नाते असेल, तर तुम्ही स्वतःच्या हाताने आपला पुरावा पुसता आहात. मूळ वाक्य जसेच्या तसे द्या आणि अडेल असा शब्द असेल तेवढ्यापुरता खाली अर्थ द्या. ध्वनिमुद्रण त्याच रात्री उतरवून काढा, कारण आठवडाभराने हुंकार आणि हसणे कशावर होते ते आठवत नाही, आणि बरेचदा उत्तर त्या हसण्यातच असते.

नावाविषयी सावध राहा. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘सुमन’चे ‘कमल’ करून काहीही झाकले जात नाही. ‘अंगणवाडीत काम करणारी, नवरा सुरतेला असलेली, दोन मुलींची आई’ एवढे वर्णन लिहिले की सारे गाव तिला ओळखते. तेव्हा नावाबरोबर व्यवसाय, मुलांची संख्या, घराची जागा यांतले जे मुद्द्याला आवश्यक नसेल ते बदला किंवा गाळा, आणि तसे केल्याचे निबंधात नमूद करा. संमतीचा कागद आधी मोठ्याने वाचून दाखवावा. सहीला किंवा अंगठ्याला आपल्याकडे माणसे बिचकतात, आणि कर्जाच्या कागदांचा अनुभव पाहता ते गैरही नाही. अशा वेळी तोंडी संमती ध्वनिमुद्रित करून ठेवता येते, मात्र आपल्या संस्थेच्या नीतिसमितीला ती चालते का हे आधी विचारा. अठरा वर्षांखालील मुलांशी बोलायचे असेल, तर पालकांची संमती घ्याच आणि मुलाचीही घ्या. आईने हो म्हटले म्हणून पोराला बोलते करणे योग्य नाही. नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांना वयाला न शोभणाऱ्या रीतीने सादर करू नये, अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०१९ मध्ये वाहिन्यांना केली होती. तुमच्या मुलाखतींत मुलांच्या स्पर्धा येत असतील, तर हा संदर्भ उपयोगी पडेल.

काकूंची हकिकत ही त्यांनी तुम्हाला घरची समजून सांगितलेली असू शकते, अभ्यासक समजून नव्हे. पुन्हा जा, वही मिटून बसा आणि हे लिहिले तर चालेल का, असे विचारा. नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तरी पैसे घेणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम लिहू नका, कारण दुसरी बाजू तुम्ही ऐकलेली नाही. पण एवढ्या लांबून मुंबईच्या पडद्यापर्यंत पोहोचण्याची वाट मध्ये कोणाच्या तरी हातातून जाते, असे त्या घराला का वाटले, हे तुम्ही लिहू शकता, आणि ते लिहिण्यासारखे आहे.

प्रश्न : ‘तीन दिवसांत शोधनिबंध प्रसिद्ध, आयएसएसएनसह, प्रमाणपत्र मोफत’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे. अडीच हजार रुपये मागतात. माझा निबंध गायनस्पर्धांवर आहे. द्यावा का? – एक अध्यापक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : देऊ नये. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. तीन दिवसांत कोणताही जाणकार परीक्षक निबंध वाचून, शेरे लिहून परत करीत नाही. पूर्वी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, पाहून निर्णय घेता येई. ती २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पारख स्वतः करावी लागते : संपादक मंडळातील माणसे खरोखर त्या विषयात काम करतात का, आणि मागील अंकांत तुमच्या विषयावरचे लेख आहेत का, की एकाच अंकात गायनस्पर्धेशेजारी सोयाबीनवरची कीड आणि जीएसटी आहे, हे पाहा. पीएच.डी. करीत असाल, तर प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२च्या विनियमांत राहिलेली नाही, तेव्हा घाईचे तेवढे एक कारण कमी झाले. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र एकदा पाहून घ्या. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, याचा अर्थ दहा टक्के उचलायला परवानगी आहे असा काही जण घेतात. तो चुकीचा आहे. मी स्वतः नोकरीच्या घाईत एकदा असे पैसे भरले होते. अंक पोस्टाने आला तेव्हा माझ्या निबंधावर दुसऱ्याच कोणाचे नाव छापले होते.