वडिलांचा पोलिओचा पाय पन्नाशीत आणखी कमजोर होतोय, व्यायाम वाढवावा का?

खानापूरकडचे शेतकरी वडील, लहानपणी पोलिओ झालेला, आता मांडी थरथरते, दुपारीच गळून जातात. म्हणून रोज जिना चढायला लावू का, असं तुम्ही विचारलंय.

जिना मुळीच नको. विषाणू परत आलेला नाही, घरात कुणाला त्यांच्यापासून लागणही होणार नाही. त्या वेळी वाचलेल्या मज्जापेशींनी नवे फाटे फोडून मेलेल्या पेशींचे स्नायूही सांभाळले. तो जादा भार वाहून त्या आता दमल्यात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पण इतर कारणं वगळल्याशिवाय हे नाव लावू नका: थायरॉइड, बी-१२, साखर तपासा, कमरेत नस दबलीय का बघा. बेळगाव किंवा मिरजेला न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गेलेली ताकद आणणारं औषध नाही, त्यामुळे कुणी इंजेक्शनांचा कोर्स विकत असेल तर सरळ उठून या.

व्यायाम थोडा, तुटक: दोन-तीन मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. दुसऱ्या दिवशी दुखणं किंवा थकवा उरला तर निम्म्यावर आणा. पार लुळ्या स्नायूला जोर लावून उपयोग नाही. सांधा आखडू नये म्हणून तो दुसऱ्याने हलक्या हाताने हलवायचा.

खरा फरक पडतो तो कॅलिपरने, म्हणजे पायाला बाहेरून बांधायच्या आधाराने. मांडीवर हात दाबून चालत असतील तर गुडघा पेलत नाही, म्हणजे गुडघ्याला लॉक असलेला, मांडीपर्यंतचा लांब कॅलिपर लागेल. जुना लोखंडी असेल तर बदला: तो जड, वर तुमच्याकडच्या पावसात लॉक गंजतो, चामड्याला बुरशी येते. प्लॅस्टिकचा हलका असतो. काढल्यावर कातडीवरचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर कॅलिपर बनवणाऱ्याला त्या जागी कॅलिपर घासून द्यायला सांगा, नाहीतर जखम होते. गुडघा थोडा मागे जात असेल तर तो पूर्ण सरळ करायचा हट्ट धरू नका, त्या मागच्या झुकावामुळेच तो न वाकता भार पेलतो. पाय आखूड असेल तर बुटाची उंची फरकापेक्षा सेंटीमीटरभर कमीच ठेवा, म्हणजे पाऊल टाकताना बोटं अडकणार नाहीत. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बांधावरच्या चिखलात मात्र कॅलिपर-काठी दोन्ही घसरतात, तिथे जाणं टाळाच.

झोपेत घोरून श्वास अडखळत असेल किंवा घास अडकत असेल तर लगेच दाखवा. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचंही, तर पोलिओ झाल्याचं भूलतज्ज्ञांना आधी सांगा. गुंगीचं आणि स्नायू ढिले करणारं औषध अशा रुग्णांना कमी मात्रेतही जास्त चढू शकतं.