बार्शी लाईटचा रूट असा का होता?

प्रश्न : माझी सासुरवाडी लातूरची, त्यामुळे पुण्याहून कुर्डुवाडी-बार्शी मार्गे रेल्वेनं जाणं-येणं चालू असतं. सासरे म्हणतात ही मूळची बार्शी लाईट, म्हणजे जुनी हलकी रेल्वे, मालासाठी टाकलेली, आणि तेव्हा धाराशिव लागायचंच नाही, येडशीला उतरावं लागायचं. एवढं जिल्ह्याचं गाव सोडून रूळ का नेले?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : सासरे बरोबर सांगतायत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची पुणे-सोलापूर मेन लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली, आणि बार्शी तर कापसाची मोठी पेठ, मग सगळा माल बैलगाड्यांनी बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला आणायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे हेरलं, १८९५ ला लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी साधारण ३४ किलोमीटरची नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन सुरू केली. (हाच माणूस पुढे पॅराशूटच्या मागे लागला, पण तो वेगळाच विषय!)

त्याची खरी हुशारी वजनात होती. इंजिन असो की वाघिण (मालाचा डबा), कुठल्याच अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावर, ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, त्यामुळे मीटरला जेमतेम १५ किलोचे हलके रूळ चालले, खर्च वाचला, आणि डबे लांब करून दोन्ही टोकांना चार-चार चाकांच्या बोगीवर ठेवल्यामुळे मालही बऱ्यापैकी बसायचा. पुढे १९०६ ला पंढरपूर जोडलं, तिथे वारकरी मिळणार हे काय सांगायला नको, १९११ ला लातूरची बाजारपेठ आणि १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर, तेही खासगी कंपनीची, सरकारनं घेतली १९५४ ला.

आता धाराशिव. बार्शी सोडली की बालाघाटचा चढ चढून येडशी येतं, तिथून लातूरकडे जायचं तर ढोकी जवळजवळ सरळ पूर्वेला आणि धाराशिव पार दक्षिणेला, नकाशा उघडून बघा. लातूरच्या बाजारासाठी निघालेली लाईन एवढा वळसा कशाला घेईल? ब्रॉडगेज (रुंद रूळ) करताना मात्र अलाइनमेंटच, म्हणजे रुळांची वाटच बदलली, म्हणून आता गाडी येडशीहून खाली धाराशिवला उतरते आणि परत वर ढोकीला येते. तुमचा वेळ जातो तो तिथे. पण धाराशिवकरांनी इतकी वर्षं येडशीला जाऊन गाडी पकडली, तेव्हा थोडं सहन करा की राव.

प्रश्न : २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच मार्गानं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : हो, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर, म्हणजे जवळपास अख्खी बार्शी लाईटच. एप्रिलमध्ये पहिल्या खेपेला १० वाघिणी, अंदाजे ५ लाख लिटर, नंतर ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटरची. मिरज-पंढरपूर ब्रॉडगेज २०१० ला झालं होतं म्हणून हे जमलं, कारण एका वाघिणीत नुसतं पाणीच ५० टन, आणि कॅलथ्रॉपच्या हिशोबानं चार अॅक्सलची वाघिण डब्याच्या वजनासकट २० टनांच्या वर जाऊच शकत नव्हती.