चारिझार्डची पट्टी

सांगली, गणपती पेठ
रविवार, रात्री

पोरी,

फोटो मिळाले. चौदा फोटो, त्यातले अकरा एकट्या चारिझार्डचे, म्हणजे पोकेमॉन खेळातल्या त्या ड्रॅगनच्या कार्डाचे. बाकीच्या कार्डांनी काय घोडं मारलंय? मामांनी न्यू जर्सीहून आणलेल्या फाइलमध्ये साठ-सत्तर कार्डं आहेत म्हणतेस, तर त्यांचेही पाठव. पुढून आणि मागून दोन्ही.

नेटवर याची किंमत तीन कोटी दाखवतात, ते खरं का, असं विचारलंयस. खरं आहे. फक्त ते कार्ड तुझं नव्हे.

मार्च 2022 मध्ये अमेरिकेत एक चारिझार्ड लिलावात 4 लाख 20 हजार डॉलरला गेलं. तेही 1999 चंच, खाली कोपऱ्यात 4/102 हाच आकडा. आता तुझं कार्ड घे आणि चित्राच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्याखाली बघ. पहिल्या आवृत्तीच्या कार्डावर तिथे काळा गोल शिक्का असतो, आत 1. तुझ्यावर तो नाही. मग चौकटीची उजवी कड बघ. तुझ्या कार्डावर तिथे बारीक करडी सावली आहे. अगदी सुरुवातीच्या छपाईत ती नव्हती, म्हणून त्या कार्डांना शॅडोलेस म्हणतात. सावली पुढच्या छपाईत आली, आणि ती छपाई खंडीने झाली. तुझं कार्ड त्या खंडीतलं. त्याला भाव आहे, बराही आहे, पण कोटीची गोष्ट विसर. आणि हा बरा भाव म्हणजे किती, ते कार्डाचं अंग बघून ठरेल.

अंग म्हणजे काय, ते मी स्वतःच्या खिशातून पैसे घालवून शिकलो. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या हाती एक शॅडोलेस ब्लास्टॉइज लागलं, तेही पोकेमॉनचंच कार्ड. कोपरे टोकदार, कडा पांढऱ्या पडलेल्या नाहीत, चित्र अगदी मध्यावर. होलोवर, म्हणजे चित्राच्या चमकत्या भागावर, कुणाचा तरी अंगठा उमटला होता, एवढंच. मी खिशातला मऊ रुमाल काढला, तोंडाची वाफ दिली आणि चष्मा पुसावा तसं पुसलं. ठसा गेला. मग टेबलावरच्या दिव्याखाली कार्ड तिरकं धरलं, तर निळ्या चमकीवर केसाएवढ्या रेघांचं जाळं, गोल गोल, माझा हात जसा फिरला तसं. सरळ धरलं की काही दिसत नाही, तिरकं केलं की सगळं दिसतं. तपासणारे तिरकंच धरतात. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हा तुझ्या चारिझार्डला काहीही लावू नकोस. फुंकरही मारू नकोस, थुंकीचे कण उडतात.

अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी 1991 पासून हे तपासायचं काम करते. तिच्यासारख्या आणखीही तीन-चार आहेत. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य बघून 1 ते 10 दर्जा देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. त्या डबीला स्लॅब म्हणायचं. ते तीन कोटींचं कार्ड 10 दर्जाचं होतं. तेच कार्ड, तोच शिक्का, पण दर्जा 9 असता तर त्या रकमेचा लहानसा हिस्सा मिळाला असता. नुसत्या डोळ्यांनी 9 आणि 10 मधला फरक तुला सांगता येणार नाही, मलाही दर वेळी येत नाही. पण खरेदीदार डोळ्यांना पैसे देत नाही, डबीवरच्या चिठ्ठीतल्या आकड्याला देतो.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर हळदीच्या सौद्याला जायचो. खरेदीदार ढिगातून हळकुंड उचलणार, कटकन मोडणार आणि आतला रंग बघणार. वरून सगळी राजापुरी सारखीच पिवळी. एकदा एका शेतकऱ्याने वडिलांना विचारलं, "दिवाणजी, परवा क्विंटलला अमुक भाव फुटला म्हणे, मग मला का नाही?" वडील म्हणाले, "तो भाव त्याच्या हळदीला फुटला." मला तेव्हा हे उत्तर उर्मट वाटलं होतं. आता तुला मी दुसरं काय सांगतोय?

आता 'दुर्मीळ' या शब्दाबद्दल. तुझ्या पत्रात तो सहा वेळा आलाय. माझ्या लहानपणी बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं यायची, त्यावर रन आणि विकेटी छापलेल्या. आम्ही ती शाळेच्या मैदानावर उधळली, फाडली, पावसात भिजवली. माझ्याकडे त्यातली अडतीस उरली आहेत, नीट. तुझ्या चारिझार्डपेक्षा ती शोधायला कितीतरी अवघड. मध्यंतरी विकायला काढली, तर जे मिळत होते त्यात भडंगाची चार पाकिटं आली असती. वस्तू कमी आहे म्हणून भाव येत नाही. त्या कमी वस्तूसाठी एकमेकांवर चढाओढ करणारी दोन माणसं सौद्याला उभी असावी लागतात. एकच असला तर तो त्याच्या भावाने नेतो.

उलटंही बघ. अमेरिकेत टॉप्स कंपनीची 1952 सालची बेसबॉल कार्डं खपली नाहीत. न खपलेली खोकी गोदामात पडून राहिली आणि शेवटी 1960 मध्ये कंपनीने ती बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात टाकली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. आपले साधारण शंभर कोटी. मँटल लोकांचा लाडका, लहानपणी त्याला बघितलेली पोरं पुढे पैसेवाली झाली, आणि माल समुद्रात. तिन्ही गोष्टी जुळल्या. 1980 च्या दशकाच्या शेवटी मात्र हेच ऐकून लोकांनी कार्डांची खोकीच्या खोकी पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून माळ्यावर ठेवली, आणि कंपन्यांनीही मागेल तितकं छापलं. ती खोकी आजही स्वस्तात मिळतात.

म्हणून छापखाना कुणाच्या हातात आहे, ते आधी बघायचं. मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या 1993 मधल्या पहिल्या छपाईत ब्लॅक लोटस नावाची कार्डं साधारण अकराशेच निघाली. पुढे जुनी कार्डं पुन्हा छापल्यावर संग्राहक चिडले, तेव्हा कंपनीने 1996 मध्ये यादी जाहीर केली की ही कार्डं परत छापणार नाही. पोकेमॉनवाल्यांनी असा शब्द कुणाला दिलेला नाही. चारिझार्ड तर ते दर थोड्या दिवसांनी नव्या रूपात काढतात.

बातम्यांतले आकडेही हळदीसारखे मोडून बघावेत. लोगन पॉल नावाच्या यूट्यूबवाल्याने 2021 मध्ये पिकाचू इलस्ट्रेटर हे कार्ड 52 लाख 75 हजार डॉलरला घेतलं, असं सगळीकडे येतं. कार्ड खरोखर दुर्मीळ, जपानी मासिकाच्या चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून मोजक्या मुलांना मिळालेलं. पण त्या व्यवहारात रोख 40 लाख होते. उरलेल्या 12 लाख 75 हजारांच्या बदल्यात त्याने त्याच कार्डाची 9 दर्जाची प्रत दिली. खरसुंडीच्या बाजारात एक खोंड देऊन वर रोख मोजतात आणि दिलेल्या खोंडाची किंमत दोघं मिळून ठरवतात, तसलाच प्रकार. खोटं कुणीच बोललं नाही, पण आकडा आणि पैसा एक नव्हेत.

तू पाठवलेले स्क्रीनशॉट तर त्याहून वाईट. ते मागितलेल्या किमतीचे आहेत. मागायला काय, मी माझ्या अडतीस कार्डांचे अडतीस लाख मागीन. ईबेवर 'विकलेले' अशी गाळणी लावता येते. ती लाव, तुझ्यासारखं सावलीचं कार्ड, तुझ्यासारख्या अंगाचं शोध, गेल्या तीन महिन्यांतले दहा सौदे वहीत उतर, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा खोड. उरलेल्यांच्या आसपास तुझा भाव. तीन महिन्यांपेक्षा मागे जाऊ नकोस. जानेवारी 2021 मध्ये मायकेल जॉर्डनचं 1986 चं कार्ड, 10 दर्जाचं, 7 लाख 38 हजार डॉलरला गेलं होतं आणि ते वर्ष संपायच्या आत तसलंच कार्ड निम्म्याहूनही खाली मिळत होतं. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी भाव चढवला, लोक घराबाहेर पडले, भाव उतरला.

आणि हा भाव म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत. शेतकऱ्याला पट्टी मिळते ना, हमाली, तोलाई वगैरे वजा होऊन खाली जो आकडा उरतो, तसली पट्टी तू कार्डाची कर. दर्जा ठरवायची फी. विम्यासकट जाण्या-येण्याचं कुरिअर. विकणाऱ्या साइटची दलाली. डॉलरचे रुपये होताना बँकेचा कट. कस्टमवाल्यांचं, कराचं वेगळं. मी पहिल्यांदा तीन साधी कार्डं तपासायला पाठवली, तेव्हा दोन 7 आली, एक 8, आणि पट्टीत माझ्याकडेच देणं निघालं. चारिझार्डच्या बाबतीत पाठवणं परवडेल बहुतेक, पण ते कार्ड हातात घेतल्याशिवाय नाही सांगणार.

आधी ते खरं आहे ना, तेही ठरायचंय. मामांनी तिकडे 1999-2000 मध्ये घेतलंय म्हणजे असावं, तरी बघू. पोकेमॉनचं खरं कार्ड दोन थरांच्या मध्ये गडद पापुद्रा घालून बनवलेलं असतं. अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड दबून येतो. नकली कार्ड कंदिलासारखं उजळतं. मागच्या बाजूचा निळा रंगही नकलीत फिका किंवा जांभळट पडतो. भिंगातून खऱ्याची छपाई बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. शेजारी एखादं नकली ठेवून बघितलंस की लगेच कळेल, आणि नकली हवं असेल तर माझ्याच दुकानात मिळेल. दहा रुपयांची सोनेरी पाकिटं मीही विकतो. शाळा सुटली की पोरं रांग लावतात, मी खरं-खोटं सांगत बसत नाही. हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं झालं, पण विकतो.

पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, तू जे लिहिलंयस ते खरं तर वर लिहायला हवं होतंस. पतसंस्थेतून दीड लाख कर्ज काढून कार्डांचं जुनं सीलबंद पाकीट आणि एक स्लॅब घ्यायचा विचार. पोरी, जुनी पाकिटं लोक काट्यावर तोलतात. होलो असलेलं पाकीट किंचित जड भरतं. जड पाकिटं आधीच फुटतात किंवा वेगळी महाग विकली जातात, आणि तुझ्यासारखीच्या वाट्याला हलकी येतात. फोडून पुन्हा चिकटवलेलीही फिरतात. स्लॅबचं म्हणशील तर पीएसएने पहिल्यांदा ज्या कार्डाला दर्जा दिला, ते होनस वॅगनर या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड कडा कापून नीट केलेलं होतं, हे त्याच्या विक्रेत्याने 2013 मध्ये कबूल केलं. दर्जा मिळाला होता 8. एवढ्या मोठ्या कार्डाची ही कथा. व्याजाच्या पैशाने कार्ड घेऊ नकोस. हप्ता महिन्याला येतो, गिऱ्हाईक त्याला वाटेल तेव्हा येतं. हौस असेल तर वर्षाकाठी जेवढे पैसे बुडाले तरी आईला सांगायला लाज वाटणार नाही, तेवढ्याचं घे.

ठेवायचं कसं, ते ऐक. त्या फाइलचे कप्पे जुन्या मऊ प्लास्टिकचे दिसतात, वास येत असेल तर कार्डं आजच काढ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गल्लीत शिरली तेव्हा माझी एक फाइल कपाटाच्या खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर उघडली, तर पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. 2005 चा पूर बघितलेला माणूस मी, तरी खालच्या खणात ठेवली. तू विश्रामबागला राहतेस, पण म्हणून काय झालं, दमट हवा तर सगळीकडेच असते. प्रत्येक कार्ड पातळ स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडर म्हणतात त्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात, आणि वरच्या खणात. स्लीव्ह माझ्याकडे आहेत, विकत आणू नकोस.

पुढच्या रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा फाइल घेऊन ये. रिक्षात मांडीवर धर, बॅगेत कोंबू नकोस. आणि येण्याआधी मामांना फोन कर. त्यांनी ती फाइल तुला देऊन टाकलीय की नुसती सांभाळायला ठेवलीय, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

तुझा
काका