ठेव मोडून गूगलचं पहिलं पान घ्यावं का?

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. घरचं साड्यांचं दुकान, वडगावात स्वतःचे चार यंत्रमाग. वर्षापूर्वी मुलानं वेबसाइट काढून दिली, तिच्यावरून महिन्याला चार-पाच साड्या जातात. आता एका एजन्सीनं एसईओ (गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम) आणि सोशल मीडियाचं पॅकेज पुढं केलंय: महिना १५,००० अधिक जीएसटी, वर्षाचा करार, गूगलवर 'पहिल्या नंबरची गॅरंटी'. त्यासाठी क्रेडिट सोसायटीतली अडीच लाखांची ठेव मोडू का, असं त्या विचारतात.

ताई, मोडू नका. ऑनलाइन धंद्यावर माझा राग नाही, पण हा आकडा तुमच्या मागांना झेपणारा नाही.

हिशेब रुपयांत नको, साड्यांत करू. वर्षाचे १,८०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३२,४००, मिळून २,१२,४००. पॅकिंग आणि कुरियर जाऊन साडीमागं ३०० रुपये हातात राहतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एजन्सीचे पैसे नुसते निघायलाच वर्षात ७०८ साड्या जादा खपायला हव्यात, महिन्याला ५९. आज खपतात पाच. आणि खपल्याच, तरी दुकानातलं गिऱ्हाईक सोडून रोज दोन पार्सलं कोण बांधणार? सूनबाईंचं नाव घेऊ नका, त्यांच्या वेळेलाही किंमत आहे.

गॅरंटीचं म्हणाल, तर पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं. नीट काम केलं तरी फरक दिसायला चार महिने ते वर्ष जातं, हेही तेच सांगतात. घाईत नंबर वर चढवायला काही जण दुसऱ्या साइटींवरून लिंका विकत घेतात. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, सापडलं तर साइट खाली ढकलली जाऊ शकते. साइट मात्र तुमची, एजन्सी करार संपवून मोकळी.

पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथं अडकलो. उलाढाल ४० लाखांच्या आत आहे म्हणून जीएसटी नंबर घेतलेला नाही, आणि पार्सलं बहुतेक कोल्हापूर, गडहिंग्लजला जातात. कोल्हापूरचं गिऱ्हाईक दुकानात येऊन साडी घेऊन गेलं तर ती विक्री सहसा कर्नाटकातलीच. तीच साडी तुम्ही कुरियरनं पाठवली की दुसऱ्या राज्यातली विक्री होते, आणि तिथं उलाढालीची सवलत चालत नाही, नोंदणी लागते. हातमागाच्या मालाला काही सूट आहे, पण तुमचे माग विजेवरचे. आपल्याला निपाणी ओलांडली की परराज्य, त्यामुळं हे बेळगावकरांच्या लक्षातच येत नाही. जाहिरात वाढवायच्या आधी सीएला भेटा.

मग करायचं काय? गूगलवर दुकानाची बिझनेस प्रोफाइल फुकट उघडता येते. बस्त्याला गोव्याहून, कोल्हापूरहून येणारी मंडळी गाडीतूनच दुकान शोधतात. तुमचं नाव तिथं नाही, शेजारच्याचं आहे. वेळ, सुट्टीचा वार, फोटो टाका, आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या. वेबसाइटवर 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही नावं ओघात येऊ द्या. शहराचं नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं, तरी बाहेरचा माणूस अजून जुनंच नाव टाइप करतो. एक पान कन्नडमध्येही हवं. धारवाड-हुबळीचं गिऱ्हाईक मराठीत शोधणार नाही. हे मुलाला जमत नसेल तर माहीतगार माणसाला एकदाच पैसे देऊन करून घ्या, दहा हजारांच्या आत. डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता) आणि पासवर्ड मात्र तुमच्या नावावर हवेत. माझ्या ऑफिसचं डोमेन साइट बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. ते सोडवून घ्यायला सहा महिने गेले.

हे सगळं श्रावणाआधी उरका, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईला उपयोग होईल. इन्स्टाग्रामच्या जाहिराती सराईतच, फक्त कोल्हापूर आणि गोव्यापुरत्या. त्यासाठी आजपासून रोज दीडशेची पिग्मी (रोज थोडी भरायची ठेव) लावा, महिन्याला साडेचार हजार जमतात. पिग्मीत असेल तेवढाच जाहिरातीचा खर्च. तीन महिन्यांनी वहीत बघा: जाहिरातीमागं साडीला तीनशेपेक्षा जास्त पडत असतील तर बंद.

ठेवीबद्दल एक राहिलं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला ते नसतं. म्हणून आत्ता मोडली नाहीत, तरी मुदत संपली की निम्मी बँकेत हलवा.

आणि जांभळ्या साडीचा जो फोटो पाठवलात, तो ट्यूबलाइटखाली काढलाय. मला ती चॉकलेटी वाटली. तुमच्या दोन साड्या 'रंग वेगळा' म्हणून परत आल्या त्या यामुळंच. सकाळी दारात, सावलीत धरून पुन्हा काढा.