पगाराचं नंतर, झोपेचं आधी विचारा

"सर, माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाला. कारचं लायसन्स मिळून दीड वर्ष झालं. नागपूरजवळच्या वाडीतली एक ट्रान्सपोर्ट कंपनी त्याला ट्रकवर घ्यायला तयार आहे. सहा महिने जुन्या ड्रायव्हरसोबत फिरायचं, मग गाडी त्याच्या हाती. महिन्याला तीस हजार सांगितलेत. त्याचा सगळा जीव गाड्यांत आहे. त्याचे बाबा हो म्हणतात, मला मात्र धीर होत नाही. नातेवाईक विचारतात, ड्रायव्हरला मुलगी कोण देईल? पाठवू की नको?" – एक आई, हिंगणा

ताई, सप्रेम नमस्कार.

पाठवा, पण पुढच्या आठवड्यात नको. आधी लायसन्सचं बघू, कारण घाई तिथेच नडते. कारच्या लायसन्सवर दहा टायरची गाडी चालवता येत नाही. त्यासाठी वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. तुमचा मुलगा या दोन्हींत बसतो. आता मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून जड वाहनाचं प्रशिक्षण घेऊन फॉर्म ५, म्हणजे प्रशिक्षणाचा दाखला, मिळवायचा, डॉक्टरांचा दाखला जोडायचा आणि आरटीओत आधी लर्निंग, मग टेस्ट. हे होईपर्यंत सोबतचा ड्रायव्हर रात्री "घे थोडा वेळ स्टेअरिंग" म्हणाला, तरी मुलाने हात लावायचा नाही. त्या अर्ध्या तासात काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि केस मुलावर होते. हे त्याला समोर बसवून सांगा.

मधल्या काळासाठी एक चांगली वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहनही चालवता येतं. म्हणजे पिकअप, छोटा टेम्पो. कळमना, बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, वाडी एवढ्या पट्ट्यात सहा-आठ महिने माल पोचवला तर रिव्हर्स घेणं, बिल्टी (मालाची पावती) सांभाळणं, पार्टीशी म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं हाताखालून जातं, आणि पोरगं रात्री घरी जेवायला असतं. मी असतो तर इथूनच सुरुवात करायला लावली असती.

मोठ्या गाडीवरचे पहिले महिने कसे असतात, ते सांगतो. मागे एका विद्यार्थ्यासाठी मी पहाटे वाडीत एका गोदामाच्या आवारात गेलो होतो. रायपूरहून गाडी नुकतीच आली होती. ड्रायव्हर पन्नाशीचे. उतरल्या उतरल्या चहा घ्यायचं सोडून त्यांनी टॉमी (लोखंडी दांडा) काढली आणि एकेका टायरवर ठोकत गाडीभोवती फिरले. आवाज बसका आला की थांबायचे. मग प्रत्येक चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, तळहात धरून बघायचे. एक हब जास्त तापला होता, म्हणजे ब्रेक चिकटत होता. सोबतचा पोरगा तोवर मागच्या जोडटायरमध्ये अडकलेला दगड काढत होता. मला म्हणाले, "सर, गाडी चालवणं महिनाभरात येतं. गाडी ऐकणं यायला वर्ष लागतं." तुमच्या मुलाला आयटीआयमुळे हे लवकर जमेल. हवेच्या ब्रेकचं प्रेशर भरल्याशिवाय गाडी का हलवायची नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नाही.

बाकी दिवस ताडपत्री बांधण्यात, काट्यावर वजन करण्यात आणि वाट बघण्यात जातात. वाट बघणंच जास्त. कारखान्याच्या गेटबाहेर लोडिंगसाठी कधी कधी दोन दिवस लाइन असते. त्या दोन दिवसांचा भत्ता मिळतो का, हे फार कमी मुलं आधी विचारतात.

आता तीस हजारांचं. त्यात बँकेत जमा होणारा पगार किती आणि ट्रिपचा भत्ता, खुराकी (जेवणखर्च) किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. गाडी महिनाभर गॅरेजला लागली तर हातात काय येईल? डिझेलचं ॲव्हरेज कमी पडलं, उतरवताना माल कमी भरला, ई-चलान आलं, तर कोणाच्या खिशातून? वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) रस्त्यात कोण देतं? वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ कापला गेलाच पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. ते न देणाऱ्या मालकाकडे पोराला पाठवू नका, तो पाच हजार जास्त देत असला तरी.

पण ताई, माझा मुख्य प्रश्न वेगळा आहे. तुमचा मुलगा कधी झोपणार, हे कोण ठरवणार?

दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. लांबच्या गाड्यांवर ते कितपत पाळलं जातं, हे कोणत्याही ढाब्यावर बसून बघा. "सकाळी सातला गाडी लागली पाहिजे" असा फोन येतो आणि पोरं रात्र काढतात. कागद मात्र एवढी घाई सांगत नाही. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. रायपूरच्या पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरला दोन दिवस मिळतात, समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरला चार. गाडी अडकली तर मुदत वाढवूनही घेता येते. म्हणजे घाई असते ती पार्टीची आणि मालकाची.

समृद्धीवर तर हे जपायलाच हवं. रस्ता सरळ, सिग्नल नाही, मध्ये गाव नाही. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असतं. पुढची उभी गाडी दिसूनही ब्रेकवर पाय जात नाही. जड गाडीला ८० ची मर्यादा आहे, पण झोपेला ८० सुद्धा पुरेसे असतात. म्हणून कंपनीत गेल्यावर मालकाला नाही, तिथल्या दोन ड्रायव्हरांना बाजूला घेऊन विचारा: "झोप येते म्हणून गाडी बाजूला लावली तर मालक काय म्हणतो?" आणि "लांबच्या ट्रिपला दोन ड्रायव्हर देतात का?" उत्तर द्यायच्या आधी ते एकमेकांकडे बघायला लागले, तर तुम्ही घरी या.

ओव्हरलोडचंही तिथेच विचारा. दहा टायर गाडीचं मालासकट वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. वर गेलं की २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,०००. कायदा चालवणाऱ्यालाही धरतो, चालवायला लावणाऱ्यालाही. मुलाने काट्याची पावती बघितल्याशिवाय गेट सोडायचं नाही.

मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत केबिन भट्टी होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालंय, पण नव्या मुलाला सहसा जुनीच गाडी मिळते. पाण्याचा मोठा कॅन आणि मीठ-साखर सोबत राहू द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाला २० रुपयांचा हप्ता त्याच्या खात्यातून आजच सुरू करा, दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.

आणि लग्नाचं. नातेवाईकांच्या बोलण्याने तुम्हाला लागलंय, ते पत्रातून कळतं. मुलीच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ती विचारेल की पोरगा महिन्यातून किती रात्री घरी असतो, पैसे नियमित येतात का, पितो का. या तिन्हींना चांगली उत्तरं देता येतील अशी नोकरी या धंद्यात आहे. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेला धावणाऱ्या गाड्या असलेली कंपनी शोधा. दोन-तीन वर्षं अपघाताविना काढलेल्या ड्रायव्हरला अशा कंपन्या स्वतः बोलावतात.

कंपनीने नेमणूक पत्र दिलं की त्याचा फोटो मला पाठवा. सही करण्याआधी आपण ते ओळ न ओळ वाचू.