कारखान्याच्या गेटवरची पाटी बदलते तेव्हा

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यातील असून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. आमच्या भागातील कारखान्यांचे मालक बदलत गेले, आणि प्रत्येक वेळी घरात काळजीचे वातावरण झाले. कंपन्या एकमेकींत विलीन का होतात, त्यातील काहींचेच का जमते आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला या क्षेत्रात काम मिळू शकते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर : ज्या विषयाबद्दल तुम्ही विचारता आहात त्याची उत्तम उदाहरणे तुमच्याच जिल्ह्यात आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करते. गडचांदूरचा माणिकगड सिमेंट कारखाना सेंच्युरी टेक्स्टाइल्सचा होता. २०१९ मध्ये त्या कंपनीचा संपूर्ण सिमेंट व्यवसाय वेगळा काढून अल्ट्राटेकमध्ये विलीन करण्यात आला, आणि मोबदला म्हणून सेंच्युरीच्या भागधारकांना दर आठ शेअरमागे अल्ट्राटेकचा एक शेअर मिळाला. उपरवाहीच्या अंबुजा आणि घुग्घुसच्या एसीसी कारखान्यांच्या बाबतीत २०२२ मध्ये घडले ते वेगळे होते. तेथे होल्सिम या परदेशी समूहाने आपला हिस्सा अदानी समूहाला विकला, म्हणजे मालकी बदलली, पण कंपन्या कायद्याच्या दृष्टीने त्याच राहिल्या. नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा कारखाना दालमिया समूहाकडे गेला तो दिवाळखोरी कायद्याच्या प्रक्रियेतून. लोक या तिन्हींना 'कंपनी विकली' असेच म्हणतात, परंतु कामगार, बँका आणि भागधारक यांच्यावर होणारा परिणाम प्रत्येक मार्गात निराळा असतो, आणि हा फरक ओळखता येणे ही या क्षेत्रातील पहिली पायरी आहे.

हे व्यवहार होतात कशासाठी? सिमेंट हा वजनदार आणि किलोमागे स्वस्त माल आहे, त्यामुळे तो फार दूर नेला तर वाहतुकीचा खर्चच नफा खाऊन टाकतो. एक टन क्लिंकरसाठी, म्हणजे भट्टीत भाजून तयार होणाऱ्या आणि दळून सिमेंट बनणाऱ्या कच्च्या मालासाठी, साधारण दीड टन चुनखडी लागत असल्याने कारखाना खाणीच्या जवळच असावा लागतो. नवा कारखाना उभारायचा तर जमीन, खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी आणि बांधकाम यांत कित्येक वर्षे जातात. चालू कारखाना घेतला तर खाण, रेल्वेची सोय, अनुभवी कामगार आणि ठरलेली बाजारपेठ एकदम हाती येते. इतर उद्योगांत कारणे बदलतात : कुठे औषधांचे परवाने हवे असतात, कुठे नवे तंत्रज्ञान, कुठे कमी व्याजाने भांडवल. काही वेळा मात्र केवळ टिकून राहण्यासाठी एकत्र यावे लागते. जिओच्या आगमनानंतर दरयुद्धात सापडलेल्या व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या, पण दोघींचे कर्जही एकत्र झाले आणि नवी कंपनी त्या ओझ्यातून वर येऊ शकली नाही. दोन अडचणीतल्या कंपन्या एकत्र आल्याने एक सशक्त कंपनी तयार होते, हा समज मला या क्षेत्रातील सर्वांत महागडा समज वाटतो.

यशाचा पहिला भाग किमतीत असतो. समजा, एखादी कंपनी स्वतंत्रपणे ४०० कोटी रुपयांची आहे आणि तिच्यासाठी ५०० कोटी मोजले. तर एकत्र आल्यामुळे होणारी बचत किंवा वाढणारा नफा आजच्या मूल्याने १०० कोटींहून अधिक असल्याशिवाय खरेदीदाराच्या भागधारकांच्या हाती काहीच उरत नाही. ही बचत कागदावर मोठी दाखवणे फार सोपे असते.

दुसरा भाग त्याहून अवघड आहे आणि त्यावर चर्चा कमी होते. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र करण्यात आल्या. एकीचा भर बोइंगच्या विमानांवर, तर दुसरीचा एअरबसच्या. वेतनश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, ज्येष्ठता मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. पदे आणि वेतन यांचा मेळ कसा घालावा हे सुचवण्यासाठी २०११ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांनी, न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. जो प्रश्न विलीनीकरणाआधी सोडवायचा होता तो नंतर सोडवायला घेतला, आणि तोवर दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांच्या मनात अन्यायाची भावना घर करून बसली होती. याउलट, विजया आणि देना या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्यावर शाखांची संगणकप्रणाली टप्प्याटप्प्याने जोडण्यात आली आणि ते काम डिसेंबर २०२० पर्यंत चालले. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र झाल्या. तुमच्या गावात या बँकांचे खातेदार असतील तर पासबुक, धनादेश, पीककर्जाची खाती यांचे पुढे काय झाले हे त्यांना अवश्य विचारा. विलीनीकरण जमले की नाही हे शेवटी काउंटरवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळते.

आता वडिलांच्या काळजीबद्दल. कारखाना दुसऱ्या मालकाकडे हस्तांतरित झाला तर कायम कामगारांची सेवा खंडित होऊ नये आणि सेवाशर्ती कमी दर्जाच्या होऊ नयेत, अन्यथा भरपाई द्यावी, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आले आहे. ठेका कामगाराची स्थिती मात्र नाजूक असते, कारण त्याचा मालक ठेकेदार असतो आणि नवे व्यवस्थापन ठेका बदलू शकते. म्हणून वडिलांचा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमस्वरूपी खाते क्रमांक, चालू आहे का आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम दरमहा जमा होते का, हे तुम्ही स्वतः पासबुकावर तपासा. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हेही त्यांना सांगा.

या क्षेत्रात काम नक्कीच आहे आणि ते केवळ मुंबईतल्या मोठ्या बँकांपुरते नाही. विलीनीकरणाची योजना कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते. तिला मतदान करणाऱ्या भागधारकांपैकी बहुसंख्यांची आणि मूल्याने तीन चतुर्थांश हिस्सा असणाऱ्यांची संमती लागते, आणि व्यवहार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर भारतीय स्पर्धा आयोगाचीही मंजुरी लागते. ही कागदपत्रे तयार करण्यात कंपनी सेक्रेटरीचा (सीएस) मोठा वाटा असतो. हिशेबांची छाननी आणि मूल्यांकन यांत चार्टर्ड अकाउंटंटचा (सीए). तुमची वाणिज्य पदवी ५५ टक्के गुणांनी पूर्ण झाली तर सीएच्या फाउंडेशन परीक्षेशिवाय थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. पुढील आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, आता दोन वर्षांची आहे. सीए आणि सीएस दोन्ही संस्थांची केंद्रे नागपुरात आहेत, त्यामुळे माहितीसाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. निव्वळ 'फायनान्स' हे नाव पाहून महागड्या खासगी एमबीएला कर्ज काढून प्रवेश घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगते.

मराठी माध्यम ही अडचण आहे, पण ती भाषेच्या सरावाची आहे, समजेची नाही. अल्ट्राटेकचा वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. २०१९-२० चा अहवाल उतरवून घ्या आणि रोज दोन पाने वाचा. सेंच्युरीच्या सिमेंट व्यवसायाची नोंद कोणत्या टिपेत आहे ते शोधा आणि त्यातील आकडे स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून काढा. अंतिम सत्राचा निकाल लागेपर्यंत एवढे झाले, तर सीए की सीएस हा निर्णय घेण्यासाठी गुणपत्रिका आणि ती वही घेऊन मला पुन्हा लिहा.